मुक्या पट्ट्या

१२ सप्टेंबर, गुरुवार

यालो,

तुरुंगातून फोन करणं बंद कर. मी उचलणार नाही. कोर्टात तुझा आवाज ऐकला तेवढा बास झाला. सांगायचं ते कागदावर लिही. कागद मला वाचता येतो, सावकाश का होईना, आणि नको झाला की पालथा घालता येतो.

कसा आहेस ते विचारत नाही. जेवण मिळतं, अंथरूण मिळतं, ठाऊक आहे. काम आहे म्हणून लिहितेय.

काल ताउनो आला होता. साइमीचा बाप. फेब्रुवारीपासून हा माणूस मला रस्त्यात बघितलं की पलीकडून जायचा, आणि मी त्याला नावं ठेवली नाहीत. काल बघते तर दारात उभा. मी मासळीच्या कारखान्यातून नुकती आलेली, हाताला हेरिंगचा वास, पायात अजून रबरी बूट. ये म्हटलं तर आत आला. जोडे काढले. कॉफी घेतली, पाव नको म्हणाला. बराच वेळ कप नुसता फिरवत बसला.

मग म्हणाला, "तुइरे, तुझ्या पोराच्या टॅब्लेटमध्ये माझ्या पोरीचं काहीतरी आहे."

"काय आहे?"

"गाणं. म्हणजे गायचं नाही, वाजवायचं. ती म्हणायची, बाबा, मी आणि यालो मोठं काम करतोय, अख्खा वाद्यवृंद आहे त्यात. पुरं झालं की ऐकवणार होती."

तुझी खोली मी उघडली नव्हती. काल उघडली. टॅब्लेट पलंगाखाली सापडला, कोपऱ्याला तडा गेलेला. चार्जिंगला लावला. ताउनो उंबऱ्याशी उभा, खोलीत पाऊल टाकेना. मग स्वयंपाकघरात टेबलावर ठेवून मी तिच्या नावाची फाइल लावली.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण नळ चालू होता तो मी बंद केला, एवढं खरं. खाली व्हायोलिनं आणि कायकाय, आणि त्यांच्यावरून एकटा चेलो चाललेला.

ताउनोनं डोळे मिटले. "हीच ती," म्हणाला. "ऐकतेस ना? हा तिचा हात. जोर लावून सुरू करते आणि मग सोडून देते."

पुढे जाऊन सगळं बिघडलं. गज ओढणारे एकाएकी तारांना चिमटे काढायला लागले, मग थांबलंच. ताउनोला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, नोव्हेंबरात चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात तेव्हा तिचंही वाचतील, तिच्या नावाची मेणबत्ती लावतील. त्या वेळी तिनंच वाजवलेलं लागू दे. पाद्र्याला त्यानं आधीच विचारलंय.

मी हो म्हटलं. आपल्या घरातून त्या घरी एवढं तरी जाऊ दे.

तर आता सांग, हे नीट कसं करायचं. चिमटे का काढतात ते सांग. मला समजेल अशा भाषेत सांग, तुमच्या त्या इटालियन नावांनी नको.

आई


२३ सप्टेंबर, सोमवार

यालो,

पत्र मिळालं. पहिलं पान माफीचं होतं, ते बाजूला ठेवलं. दुसरं कामाचं, ते वाचलं.

पट्ट्यांचं कळलं. काचेवर पियानोसारख्या पट्ट्या दिसतात, त्यांतल्या डाव्या टोकाच्या काही वाजत नाहीत, नुसता हुकूम देतात. त्यांना मी मुक्या पट्ट्या म्हणते. पहिली कापऱ्याची, म्हणजे गज जागच्या जागी थरथरवायचा. दुसरी चिमट्याची. तिसरी लांब ओढीची. चौथी तुटक. मुकी पट्टी दाबली की पुढचे सगळे सूर तसे वाजतात, दुसरी दाबेपर्यंत. कारखान्यातल्या आमच्या मुकादमासारखं. तो स्वतः एक मासा साफ करत नाही, पण "बारीक कापा" म्हणून गेला की परत येईपर्यंत सगळ्या बारीक कापतात.

आणि मधूनच लावलं तर आधीचा हुकूम त्यांना ऐकूच गेलेला नसतो, म्हणून मागचाच काहीतरी धरून बसतात. हे तू आधी सांगितलं असतंस तर माझा शनिवार वाचला असता. प्रत्येक वेळी मधून लावायची आणि चिमटे ऐकून शिव्या द्यायची.

माझं बोट तुमच्या काचेला चालत नाही. मीठ आणि बर्फ यांनी कातडी अशी झालीय की काचेला वाटतं कोणी हातच लावला नाही. करंगळी चालते. करंगळीनं एक सूर उचलायला जावं तर शेजारचे दोन बरोबर येतात. तुम्ही पोरं एवढ्याशा काचेवर ऐंशी माणसांचा वाद्यवृंद बसवता आणि वर म्हणता मजा येते.

आता मुख्य सांगते.

काल मी चेलोच्या ओळीत गेले. तिथेही मुक्या पट्ट्या आहेत. तिसरी काढून चौथी ठेवून बघितली, उगाच. तर तो चेलो, ज्याला ताउनो पोरीचा हात म्हणाला, तो तुटक तुटक वाजायला लागला, पायात काटा गेलेल्या माणसासारखा. परत तिसरी ठेवली, परत लांब ओढायला लागला. पहिली ठेवली तर थरथरला.

माणसानं एकदा वाजवून ठेवलेलं असं बदलतं का? मला वाटतं नाही बदलत. मी अडाणी आहे, पण इतकी नाही.

सरळ सांग. हा चेलो कोणी वाजवलाय?

आई


६ ऑक्टोबर, रविवार

यालो,

म्हणजे कोणीच नाही.

कुठल्यातरी परक्या शहरात कोण्या पगारी माणसानं एकेक सूर चार-चार प्रकारांनी वाजवून दिला, कंपनीनं तो विकला, तुम्ही तो घेतला. साइमीनं फक्त चाल बांधली आणि तुझ्या शेजारी बसून सांगितलं, इथे ओढ, इथे तोड. हे मी तीनदा वाचलं, की निदान एखादी ओळ तरी सुटली असेल.

आणि तिनं खरंच वाजवलेलं? होतं म्हणतोस. त्याच टॅब्लेटवर घेतलं होतंस, डिसेंबरात, आपल्या वाफेच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कारण तिथे आवाज चांगला येतो. मग टॅब्लेट भरला. नवे गजाचे प्रकार आत घ्यायचे तर जागा पाहिजे. म्हणून तिचं पुसलंस. "नंतर परत घेणारच होतो," असं लिहिलंस.

पोरगी कुठे जाते, उद्या परत वाजवेल.

गाडी खड्ड्यात घालून तिला आत ठेवून निघून आलास, तेव्हाही तुला असंच वाटलं असणार. कोर्टात म्हणालास मदत आणायला निघालो होतो. मदत आणायला गेलेला माणूस सकाळी सौनाच्या बाकावर घोरताना मला सापडला. तिला बर्फ काढायच्या गाडीवाल्यानं बघितलं. याच्यावर मी आणखी लिहिणार नाही, लिहायला बसले की पेन कागदातून आरपार जातं.

ताउनो आता दर रविवारी येतो. आजही आला. स्वतःच्या बागेतले बटाटे घेऊन आला, शेपूची जुडी वर. तो बंदरात क्रेन चालवतो, कानावर मोठी झाकणं लावून, त्यामुळे बोलतो ओरडून. टॅब्लेट समोर ठेवला की मात्र कुजबुजतो, झोपलेलं पोर असावं तसा.

"अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये वाजवायची," म्हणाला. "मी म्हणायचो, गाडी बाहेर काढ म्हणतेस, इंजिन गोठलं तर? तर म्हणायची, बाबा, इंजिनाला हातमोजे घाला."

मी हसले. तोही हसला. मग दोघांनीही कपात बघितलं, हसलोच कसे म्हणून.

आज मी त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच. तो म्हणाला, "तुइरे, घरात तिचा एकही व्हिडिओ नाही. तिला आवडायचं नाही. मला वाटलं होतं संपलं. मग हे निघालं."

मी त्याला आणखी कॉफी दिली.

मी सांगणार नाही. आणि तूही कोणाला लिहायचं नाहीस. वाजवलंय साइमीनं. संपलं.

पुढचा तुकडा कसा जोडायचा ते लिही. ती काय काय सांगायची तेही लिही, म्हणजे तसंच करता येईल.

आई


२० ऑक्टोबर, रविवार

यालो,

तू लिहिलंस, इथे ती म्हणायची, "गज थांबवू नको, नुसतं वजन काढ." ते मला दोन दिवस कळलं नाही. मग कामावर मासा सोलताना कळलं. सुरी काट्यापर्यंत गेली की जोर काढायचा, हात चालू ठेवायचा, नाहीतर मांस फाटतं. घरी आल्यावर त्या सुरांचा जोर हळूहळू कमी केला. बरं झालंय.

पण तुझ्या त्या कंपनीचा लांब सूर प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेनं सुरू होतो. दहा वेळा दाबला तर दहाही वेळा तोच. माणूस दहा वेळा तसाच "आलो" म्हणेल का? म्हणून मी एखादा सूर किंचित मागे ढकलते, एखादा पुढे. तू म्हणालास तसं करायचं असतं. तेवढं तुझं खरं निघालं.

आज काय झालं ते ऐक.

ताउनो आला, साल्मनचं सूप केलं होतं ते प्यायला, आणि टॅब्लेट लावला. मध्ये एक जागा आहे, चेलो वर चढायच्या आधी. तिथे त्यानं माझं मनगट धरलं.

"थांब. मागे घे. ऐकलंस? इथे ती श्वास घेते. लहानपणापासून सवय. मास्तरीण ओरडायची, नाकानं घे म्हणून."

मी मागे घेतलं. सुरुवातीपासून लावावं लागतं ते त्याला माहीत नाही, त्याला वाटतं मी मुद्दाम पुन्हा पुन्हा पुरं ऐकवते. तो मला म्हणाला, तू मनानं चांगली आहेस.

यालो, तिथे श्वास नाही. तिथे नुसती रिकामी जागा आहे. मंगळवारी करंगळी घसरली आणि सूर जरा लांब जाऊन पडला. बरं वाटलं म्हणून तसाच ठेवला.

तो गेल्यावर मी सूप ओतून दिलं. खाता आलं नाही.

आई


३० ऑक्टोबर, बुधवार

यालो,

तुझं पत्र वाचलं. आधी सांगून टाक, म्हणतोस. चर्चमध्ये सगळ्यांसमोर खोटं लागायच्या आत त्याला खरं सांग, म्हणतोस.

खऱ्याचा पुळका तुला आता आला. पोलिसांनी विचारलं तेव्हा कुठे होता? गाडी ती चालवत होती असं पहिल्या दिवशी कोण म्हणालं? मेलेल्या पोरीवर ढकलायला निघाला होतास. आणि मला शिकवतोस.

त्यानं नातेवाइकांना बोलावलंय, ओउलूहून तिची आत्या येतेय. नवा कोट घेतलाय. मला म्हणाला, "कोट जास्त होतोय का?" मी म्हटलं, "नाही, शोभतो." आता त्या कोटातल्या माणसाला मी काय सांगू?

गाणं पुरं झालंय. शनिवारी लावायचं. ऑर्गनवाली हिल्का म्हणाली चर्चच्या स्पीकरला टॅब्लेट जोडता येतो, मी बघून आले.

माझं डोकं खाऊ नकोस.

आई


३ नोव्हेंबर, रविवार

यालो,

काल झालं ते लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

दुपारीच अंधारून आलं होतं. बर्फ नाही, नुसता चिखल. चर्च भरलेलं. मी टॅब्लेट घेऊन पाद्र्याच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. तिथे हिल्का कागद चाळत उभी. मला म्हणाली, "तुइरे, एक कर. याच्या शेवटाला मी ऑर्गन मिसळणार आहे आणि लोक लगेच भजन उचलणार. भजन मी खालच्या पट्टीत घेतलंय, म्हाताऱ्यांचे गळे वर जात नाहीत. तुझं सगळं दोन पट्ट्या खाली घे."

"आत्ता?"

"दोन मिनिटांचं काम आहे, पोरं करतात. खाली नाही घेतलंस तर जोडावर दात घासल्यासारखं होईल."

घंटा सुरू झाली होती. मी सगळं निवडलं. प्रत्येक ओळीतलं सगळं. आणि करंगळीनं दोन घरं खाली ओढलं. सुरेख सरकलं, एकही सूर मागे राहिला नाही. मला बरं वाटलं बघ, शिकले म्हणून. ऐकून बघायला वेळ नव्हता.

तुला आत्ताच कळलं असेल. तू तिथे असतास तर माझा हात धरला असतास.

सगळं म्हणजे मुक्या पट्ट्याही. त्याही दोन घरं खाली गेल्या. तिसरीवरचा हुकूम पहिलीवर जाऊन बसला.

नावं वाचायला लागले. एकेक नाव, एकेक मेणबत्ती, मध्ये घंटेचा एक ठोका. म्हातारीकोतारीच सगळी. मग "साइमी इनारी केस्तिला" आणि तिचं वय. वय ऐकून मागच्या बाकावर कोणीतरी घसा खाकरला. ताउनोनं मेणबत्ती स्वतः लावली. मी बोट ठेवलं.

चेलो थरथरत सुरू झाला.

लांब ओढ कुठेच नाही. जिथे जिथे तिनं ओढ म्हणून सांगितलं होतं तिथे तिथे नुसतं कापरं. व्हायोलिनं, खालची मोठी, सगळी एकजात, थंडीत दात वाजावेत तशी. चाल तीच, खालून लागलेली. तो श्वासही तिथेच, मध्येच थरथर थांबायची आणि परत सुरू व्हायची. मला बंद करता आलं असतं. बोट टॅब्लेटवर होतं. पण बंद केलं तर सगळे वळून बघतील, पोरीच्या मेणबत्तीसमोर. मी चालू ठेवलं.

माझ्याजवळ कारखान्यातल्या इक्काची म्हातारी आई बसली होती. कानाशी येऊन म्हणाली, "छान आहे हो. बर्फ पडतोय जसा."

लोकांना आवडलं, यालो. कोणाला काही कळलं नाही. आत्यानं डोळे पुसले. हिल्कानं शेवटी ऑर्गन मिसळला, जोड कुठे आहे ते कळलंसुद्धा नाही, आणि सगळे भजन म्हणायला उठले.

ताउनो उठला नाही. तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. पूर्ण भजन संपेपर्यंत.

नंतर सगळे दफनभूमीत गेले. अख्ख्या फिनलंडात त्या संध्याकाळी कबरींवर दिवे लावतात, तू लहान असताना माझा हात सोडून त्यांच्यातून पळायचास. मी जाणार नव्हते. तोच फाटकाशी थांबला होता. नातेवाइकांना पुढे घालवून आला असावा.

"तुइरे," म्हणाला. ओरडून नाही. "मेलेली माणसं वाजवायची तऱ्हा बदलतात का?"

मी म्हटलं, "नाही."

"दर रविवारी ऐकलंय मी. पाठ आहे मला. ती तिथे गज ओढते. आज नाही ओढला."

"माझ्या हातून चुकलं. मी खाली ओढताना..."

"चुकेल कसं? फोटो घरी हसरा आणि चर्चमध्ये रडका, असं चुकेल का?"

मग मी सांगितलं. ती त्यात नाही. कधीच नव्हती. यंत्राचा चेलो आहे, त्याला हुकूम द्यावे लागतात, ते हुकूम आज चुकीच्या जागी गेले.

"तुला केव्हापासून माहीत?"

"सप्टेंबर."

"आणि तो श्वास?"

"तो मी ठेवला. चुकून."

त्याच्या हातात कबरीवरची मेणबत्ती होती, झाकणाची. पेटवायला काडी ओढली ती विझली. दुसरी ओढली, तीही. मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले, ओंजळ धरली, सवयीनं. तर म्हणाला, "हात काढ."

मी काढला. तो अंधारातच ती घेऊन गेला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आई


६ नोव्हेंबर, बुधवार

यालो,

काल तो आला. जोडे न काढता आत आला आणि टेबलाशी उभा राहिला. फरशीवर चिखलाचे पाय उमटले.

टॅब्लेट तिथेच होता. मी रविवारी सगळ्या मुक्या पट्ट्या परत वर नेऊन ठेवल्यात. का, विचारू नकोस. मी म्हटलं, "नीट केलंय. पाहिजे असेल तर—"

"लावू नको."

नाही लावला.

"त्यात तिचं काय आहे?" त्यानं विचारलं. "काहीतरी असेल. का तेही नाही?"

"चाल तिची आहे. कुठे ओढायचं, कुठे तोडायचं, वजन कुठे काढायचं, सगळं तिनं सांगितलेलं आहे."

"तुला काय माहीत? परत काहीतरी सांगतेस."

मी तुझी पत्रं आणली. पहिली पानं नाही, कामाची पानं. तू लिहिलेलं वाचून दाखवलं, "इथे साइमी म्हणायची" असं जिथे जिथे होतं तेवढंच. माझं वाचणं अडखळतं, तुला माहीत आहे. तो खुर्चीत बसला. एका ठिकाणी तू लिहिलंयस की तू चिमटे घातलेस आणि ती म्हणाली, "यालो, हे कोंबडी दाणे टिपतेय." ते वाचल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला. हसला का रडला ते मला कळलं नाही, आणि मी बघितलं नाही.

मग म्हणाला, "हे ती बोलली. हे खरं आहे."

"हो."

"म्हणजे तिचं बोलणं त्याच्याकडे आहे." मग, "माझ्याकडे तिचा चेलो आहे. बूट आहेत. दातांची तार आहे, लहानपणीची. आणि बोलणं त्या डुकराकडे."

मी म्हटलं, "हो."

"ती त्याच्या शेजारी किती बसली, तुइरे! घरी यायची ती जेवायला, झोपायला आणि गॅरेजमध्ये वाजवायला. शेवटचं वर्षभर ती जे काही बोलली ते सगळं त्यानंच ऐकलंय."

उठला. दाराशी गेला. पाठमोराच म्हणाला, "मला त्याचं तोंड बघायचं नाही. त्याचं नाव असलेला कागद मी घरात घेणार नाही. तू वाचून दाखव. तो जे लिहील ते तू वाचून दाखव. येईन मी."

तर आता तुला लिहायचंय. संगीताचं नको, ते झालं. ती काय काय बोलली ते सगळं. तुला शिव्या घातल्या असतील तर शिव्या लिही. बापाची टिंगल केली असेल तर तीही लिही, त्याला चालेल, तो त्याचीच वाट बघतोय. तिला गोड करू नकोस. ती नव्हती गोड, मला आठवतं, माझ्या कॉफीला एकदा भांडी धुतलेलं पाणी म्हणाली होती.

आणि त्या रात्री गाडीत काय म्हणाली तेही लिही. कोर्टात तू सांगितलं नाहीस. तू दार उघडून निघालास तेव्हा ती जागी होती, डॉक्टरांनी सांगितलंय. काहीतरी म्हणाली असेल. ताउनोनं ते मागितलेलं नाही. पण एखाद्या रविवारी मागेल, आणि तेव्हा माझ्याकडे ते असलं पाहिजे, नाहीतर मी परत काहीतरी बनवेन. मला माझी खात्री नाही.

आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही. तुझ्या मनानं भरू नकोस, एक अक्षरही. आणि काहीच आठवत नसेल, ती शेजारी बसून बोलत होती आणि तू ऐकतच नव्हतास, असं असेल, तर कोरा कागद पाठव, खाली सही करून. मी तो ताउनोला दाखवीन, आणि कोणाचा आहे ते सांगेन.

आई